छत्री हलत नाही, उपग्रह थांबत नाही

पांढुर्ण्याजवळच्या तिगावच्या कुठल्याही गल्लीत उभं राहून छपरांकडे पाहा. घरं कशीही तिरकी-वाकडी असोत, फ्री डिशच्या छत्र्यांची तोंडं सगळी एकीकडे असतात: आग्नेयेला आणि चांगली वर. छत्री बसवणारा ती एकदा रोखतो, नट आवळतो, पैसे घेतो आणि जातो. पुढं वर्षानुवर्षं तिला वांदरांशिवाय कुणी हात लावत नाही.

म्हणूनच उपग्रहावरून इंटरनेट येणार अशी बातमी निघाली की पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात पहिला प्रश्न हा पडतो: "का जी, हे उपग्रह त पळत रायते म्हणते, मंग छत्री फिरवत कोन बसन?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर कंपन्यांच्या जाहिरातींत मिळत नाही. हौशी रेडिओवाल्यांकडे मात्र ते साठ वर्षांपासून आहे. परीक्षा देऊन, सरकारी परवाना घेऊन, व्हीयू-टू किंवा व्हीयू-थ्रीने सुरू होणारं स्वतःचं संकेतनाव मिळवून बिनतारी संभाषण करणाऱ्या या मंडळींना जगभर 'हॅम' म्हणतात. उपग्रह कसे पळतात, कधी उगवतात, कधी बुडतात हे ते पुस्तकात वाचून थांबत नाहीत, कानांनी ऐकतात. या प्रकरणात आपण त्यांच्या शेजारी बसू.

१. छत्री कुणाकडे बघते?

फ्री डिशचे कार्यक्रम जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो विषुववृत्ताच्या बरोबर वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटर उंच आहे. या उंचीची गंमत अशी की तिथल्या उपग्रहाला पृथ्वीभोवती एक फेरी मारायला पृथ्वीच्या स्वतःच्या एका गिरकीइतकाच वेळ लागतो. दोघं एकाच चालीने फिरतात, म्हणून खालून पाहणाऱ्याला उपग्रह एका जागी खिळलेला वाटतो. तिगाव ७८.५ रेखांशाच्या आसपास, म्हणजे उपग्रह आपल्या पूर्वेकडे. आणि आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला, म्हणजे तो दक्षिणेकडे. दोन्ही मिळून आग्नेय. क्षितिजापासून उंची भरते सुमारे साठ अंश.

मग इंटरनेटही याच उंचीवरून का देऊ नये? देतात. बँकांची, पेट्रोल पंपांची, दूरच्या कचेऱ्यांची जोडणी अशाच उपग्रहांवरून वर्षानुवर्षं चालत आली आहे. अडचण आहे ती वेळेची. हिशेब सोपा आहे. रेडिओलहर सेकंदाला ३ लाख किलोमीटर जाते. ३६,००० किलोमीटर वर जायला ०.१२ सेकंद, खाली यायला तेवढाच. तुमचा प्रश्न वर जाऊन खाली उतरला की ०.२४ सेकंद झाले. उत्तर त्याच वाटेने परत आलं की ०.४८. टीव्हीला याचं काही वाटत नाही. क्रिकेटचा चेंडू पाव सेकंद उशिरा दिसला म्हणून कुणाचं बिघडत नाही. फोनवर मात्र अर्ध्या सेकंदात दोघंही एकदम बोलायला लागतात, मग दोघंही गप्प बसतात. एक वेबपान उघडायला यंत्रांची अशी दहा-वीस वेळा विचारपूस होते, त्यामुळे पान रेंगाळतं.

उपाय एकच: उपग्रह खाली आणायचा.

२. खाली आलं की पळावं लागतं

स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेचे बरेचसे उपग्रह जमिनीपासून सुमारे ५५० किलोमीटरवर फिरतात. तिथून लहर खाली यायला दोन हजारांश सेकंदही लागत नाहीत. पण उंची कमी झाली की पृथ्वीची ओढ वाढते आणि खाली न पडता टिकायचं तर वेग वाढवावा लागतो. ५५० किलोमीटरवर तो सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर जातो. तिगाव ते पांढुर्णा हे अंतर असा उपग्रह डोळ्याची पापणी दोनदा लवेपर्यंत कापून मोकळा होतो. पूर्ण पृथ्वीप्रदक्षिणा ९५-९६ मिनिटांत.

आता कामाचा प्रश्न: असा उपग्रह आपल्या कामी किती वेळ येतो? झाडं, घरं, डोंगर मध्ये येतात म्हणून क्षितिजापासून २५ अंशांच्या वर आलेलाच उपग्रह धरायचा, असं मानू. तो नेमका डोक्यावरून गेला तरी साडेचार मिनिटं मिळतात. बाजूने गेला तर त्याहून कमी. म्हणजे एक गेला की दुसरा हजर हवा, तोही गेला की तिसरा.

एक उपग्रह एका वेळी किती जमीन पाहतो? वरच्याच हिशेबाने त्याच्या खाली साधारण ९४० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ येतं. हे वर्तुळ पृथ्वीच्या पृष्ठभागाचा जेमतेम १८४वा भाग. वर्तुळं शेजारी शेजारी मांडली की मध्ये फटी राहतात, म्हणून ती एकमेकांवर चढवावी लागतात. अडीचशे-तीनशे उपग्रहांखेरीज पृथ्वी झाकलीच जात नाही. एवढे झाले की संपर्क होतो, पण एका वर्तुळातल्या कोट्यवधी लोकांना एकाच उपग्रहाची ताकद वाटून घ्यावी लागते. म्हणून संख्या वाढत जाते. मे २०१९मध्ये पहिले ६० सुटले. २०२५मध्ये कक्षेतल्या स्टारलिंक उपग्रहांनी ८,०००चा आकडा ओलांडला. सूर्य मावळल्यावर कधी कधी दिव्यांची सरळ रांग आकाशातून सरकताना दिसते ना, ते नुकतेच सुटलेले, अजून एकमेकांपासून न पांगलेले उपग्रह असतात. खाली अंधार पडलेला असतो, वर त्यांच्यावर ऊन असतं, एवढंच.

बातम्यांत न येणारी एक गोष्ट इथं सांगायला हवी. हे हजारो उपग्रह आकाशात सारखे पसरलेले नाहीत. बहुतेकांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५३ अंशांच्या कोनात कललेल्या आहेत, त्यामुळे ५३ अंश अक्षांशाच्या जवळ ते दाटी करतात आणि विषुववृत्ताकडे विरळ होत जातात. हिशेब केला तर ५० अंशांवरच्या जर्मनी-पोलंडच्या आकाशात ते आपल्या २१-२२ अंशांवरच्या आकाशापेक्षा साधारण तिपटीने दाट भरतात. आपल्याकडे माणसं दाट आणि उपग्रह विरळ. परदेशी नातेवाइकाने सांगितलेला वेग इथंही मिळेलच, असं म्हणूनच धरून चालू नये.

वनवेब या दुसऱ्या उपग्रह-इंटरनेट कंपनीची रचना वेगळी आहे. तिचे उपग्रह १,२०० किलोमीटरवर आहेत; उंच असल्यामुळे जास्त जमीन पाहतात आणि सहाशेच्या आसपास संख्येत भागतं. पण त्यांना आपसांत बोलता येत नाही. ग्राहक आणि कंपनीचं जमिनीवरचं केंद्र, दोघंही एकाच वेळी एकाच उपग्रहाच्या नजरेत यावे लागतात. भारतातली तिची केंद्रं गुजरातेत मेहसाण्याला आणि तामिळनाडूत आहेत. समजा, तिगावातून कुणी वनवेबवरून जोडलं. निरोप १,२०० किलोमीटर वर जाणार आणि तिथून साडेसहाशे किलोमीटर दूरच्या मेहसाण्याला तिरका उतरणार, ती वाट सुमारे १,४०० किलोमीटर. एकूण २,६००. भागिले ३ लाख: जवळजवळ ९ हजारांश सेकंद. जाऊन-येऊन १८. पुढं जमिनीवरच्या तारांचा वेळ मिळवला तरी आधीच्या ०.४८ सेकंदापुढं हे काहीच नाही.

३. शिट्टी

आता ऐकायला बसू.

नागपूर-इटारसी मार्गावर तिगाव स्टेशन चिचोंड्याच्या घाटाच्या तोंडाशी आहे. फलाटावर उभं असताना न थांबणारी एक्स्प्रेस शिट्टी देत आली तर शिट्टी येताना बारीक, चढी ऐकू येते. गाडी समोरून सरकली की तीच शिट्टी एकदम जाड, उतरती होते. ड्रायव्हरने काहीच बदललेलं नसतं. जवळ येताना आवाजाच्या लाटा दाटतात, दूर जाताना विरळ होतात. गाडी ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर, आवाज सेकंदाला ३४० मीटर. स्वर सुमारे सात टक्क्यांनी सरकतो. हाच डॉप्लर परिणाम.

उपग्रहाच्या रेडिओलहरीचंही तसंच होतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलतं. ते क्षितिजावर उगवतं तेव्हा सेकंदाला सात किलोमीटरच्या वेगाने आपल्याकडे येत असतं. सात किलोमीटर भागिले तीन लाख, हा आकडा अगदीच किरकोळ. पण तो १४५.८ मेगाहर्ट्झला लावला की साडेतीन किलोहर्ट्झ होतात. म्हणून जाणता हॅम सेट १४५.८०३५वर लावून बसतो, स्थानक डोक्यावर आलं की १४५.८००वर येतो आणि मावळतीला १४५.७९६५वर. दहा मिनिटांचा खेळ. ४३७.८०० मेगाहर्ट्झवर हाच सरकाव साडेदहा किलोहर्ट्झ होतो. तिथं बटण फिरवत राहिलं नाही तर आवाज हातातून निसटतो. अकरा गिगाहर्ट्झवर, जिथं स्टारलिंक बोलतं, तो अडीच लाख हर्ट्झच्या पुढं जातो.

स्टारलिंकच्या ग्राहकाकडे छत्रीऐवजी असणारा सपाट अँटेना, म्हणजे पाटी, हे बटण आतल्या आत, न थकता, सेकंदाला कितीतरी वेळा फिरवत असते. हॅमने हाताने जे केलं तेच. उपग्रह कुठून उगवणार हे दोघांनाही आधी माहीत असतं, कारण जवळजवळ प्रत्येक उपग्रहाची कक्षा सांगणारा दोन ओळींचा आकड्यांचा संच उघडपणे प्रसिद्ध होतो आणि मोबाईलवरचं कुठलंही उपग्रह-अ‍ॅप त्यावरूनच तिगावचं वेळापत्रक काढून देतं.

अंतराळातून पहिला हॅम बोलला १९८३मध्ये, कोलंबिया यानातून. नाव ओवेन गॅरियट. आपल्याकडे ही गोष्ट घराघरात गेली ती अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांच्यामुळे. २५ जून २०२५ला ते अ‍ॅक्सिऑम-४ मोहिमेतून अंतराळ स्थानकाकडे गेले. मोहीम खाजगी कंपनीची, रॉकेट स्पेसएक्सचं फाल्कन-९, आणि जागेचे पैसे भरले भारत सरकारने. अंतराळात जायचं तिकीट विकत मिळतं, याचा याहून ठळक दाखला आपल्याजवळ नाही. तिथं असताना, जुलैमध्ये, शुक्लांनी हॅम रेडिओवरून बंगळूरच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात जमलेल्या विद्यार्थ्यांशी गप्पा मारल्या. कोट्यवधींचं तिकीट आणि हातात मावणाऱ्या सेटवरही ऐकू येऊ शकणारं संभाषण, दोन्ही एकाच मोहिमेत.

४. न हलता वळणारी पाटी

छत्री फिरवत कोण बसणार? कुणीच नाही. इंटरनेटची पाटी जागची हलत नाही, तिची नजर वळते. कशी ते नीट पाहू, कारण या सगळ्या धंद्याचं मर्म इथंच आहे.

पाटीच्या आत एक मोठा अँटेना नसतो, हजाराहून जास्त छोटे असतात, बोटाच्या जाडीएवढ्या अंतराने मांडलेले. १२ गिगाहर्ट्झची लहर अडीच सेंटीमीटर लांब असते. दोन शेजारच्या अँटेनांत त्याच्या निम्मं, म्हणजे १.२५ सेंटीमीटर अंतर ठेवू. उपग्रह बरोबर डोक्यावर असेल तर लहर सगळ्या अँटेनांवर एकाच क्षणी पोचते. सगळ्यांचे संकेत नुसते मिळवले की हजारपट जोर मिळतो.

आता उपग्रह ३० अंश बाजूला सरकला. लहर तिरपी आली, म्हणजे एका अँटेनाला आधी आणि शेजारच्याला किंचित नंतर. किती नंतर? १.२५ला ३० अंशांच्या ज्येने, म्हणजे अर्ध्याने गुणा: ०.६२५ सेंटीमीटर. अडीच सेंटीमीटरच्या लहरीचा हा बरोबर चौथा हिस्सा. आता नुसते मिळवले तर एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारावर पडतो आणि सगळं एकमेकांना खाऊन टाकतं. पण ज्याच्याकडे लहर आधी आली, त्याचा संकेत पाव लहरीइतका थोपवून धरला, त्याच्याही आधी जिथं आली त्याचा अर्ध्या लहरीइतका, असं ओळीने केलं, तर पुन्हा सगळे एका चालीत येतात. याचा दुसरा अर्थ असा की पाटी आता ३० अंशांवरच्याच उपग्रहाचं ऐकते आहे. थोपवण्याचं माप बदललं की नजर बदलली. हे विजेने होतं, क्षणात. एक उपग्रह २५ अंशांखाली जायला लागला की पाटी दुसऱ्याकडे वळते; चालू असलेल्या व्हिडिओ कॉलला त्याचा पत्ताही लागत नाही.

ही युक्ती लष्करी रडारांत कित्येक दशकं होती. नवं काही असेल तर ते एवढंच की ती घरगुती किमतीत आली.

पावसाचं मात्र टळत नाही. अडीच सेंटीमीटरची लहर मुसळधार पावसाच्या थेंबांत शोषली जाते. भर पावसात टीव्ही 'नो सिग्नल' दाखवतो, तोच पट्टा इथंही आहे.

५. जुन्या एलएनबीतून

हौशी माणसाचा हात शिवशिवायला लागतो तो इथं. छत्रीच्या तोंडाशी जो गट्टू असतो, तो एलएनबी. बाजारात दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि रेडिओवाल्यांच्या मते एवढ्या पैशांत एवढं काम करणारी दुसरी वस्तू नाही.

उपग्रहाचे दहा-बारा गिगाहर्ट्झचे संकेत साध्या केबलमधून खाली आणता येत नाहीत, वाटेतच विरतात. म्हणून एलएनबी ते वरच्या वर खालच्या पट्टीत उतरवतो. त्याच्या आत ९.७५ गिगाहर्ट्झचा एक स्वर सतत चालू असतो. आलेल्या संकेतातून तो वजा होतो आणि उरलेलं खाली येतं. सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये ०९७५०-१०६०० असे आकडे दिसतात, त्यातला पहिला आकडा हाच.

दुसरी वस्तू म्हणजे यूएसबीला लावायचा, काडेपेटीहून लहान सॉफ्टवेअर रेडिओ. मुळात तो संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी निघाला होता. २०१२च्या सुमारास हौशी मंडळींना कळलं की त्यातली चिप सुमारे २४ ते १,७६६ मेगाहर्ट्झपर्यंत वाटेल ते ऐकू शकते, आणि त्या दिवसापासून जगभर या छंदाचं चित्र पालटलं.

आता वजाबाकी. स्टारलिंकच्या संकेतांत ११.३२५ गिगाहर्ट्झच्या आसपास काही बारीक, स्थिर स्वर असतात. ११.३२५ वजा ९.७५० बरोबर १.५७५ गिगाहर्ट्झ. म्हणजे १,५७५ मेगाहर्ट्झ, काडेपेटीच्या आवाक्यात. स्टारलिंकची सेवा जिथं सुरू आहे तिथल्या हौशी लोकांनी छत्रीही न वापरता, एलएनबीचं तोंड नुसतं आकाशाकडे करून हे स्वर पकडले. संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक उपग्रह एक तिरपी रेघ काढत जातो: उगवताना वर, मावळताना खाली. मघाची शिट्टीच, फक्त डोळ्यांना दिसणारी. इंटरनेटमधला मजकूर यातून वाचता येत नाही, तो कुलूपबंद असतो. दिसते ती उपग्रहांची ये-जा.

तिगावातून करून पाहायचं तर मी वेगळा उपग्रह सुचवीन. एस्हेल-२ हा कतारचा टीव्ही उपग्रह १५ नोव्हेंबर २०१८ला फाल्कन-९वरून गेला आणि २६ अंश पूर्वेवर स्थिर झाला. त्यावर हौशी लोकांसाठी एक स्वतंत्र कोपरा ठेवलेला आहे, क्यूओ-१०० नावाचा. स्थिर उपग्रहावरचा हा जगातला पहिलाच. ब्राझीलपासून थायलंडपर्यंतचे हॅम त्यावर दिवसरात्र बोलत असतात. आपल्याकडून तो पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे २७ अंशांवर येतो. पडून असलेली जुनी छत्री तिकडे रोखायची. १०,४८९.७५ वजा ९,७५० बरोबर ७३९.७५ मेगाहर्ट्झ; तिथं कान लावायचा. हा हलत नाही, म्हणून शिकायला बरा.

सावधगिरी एक. सेट-टॉप बॉक्स केबलमधूनच एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पुरवतो. तो प्रवाह यूएसबीच्या रेडिओत शिरला तर रेडिओ जळतो. मध्ये बायस-टी नावाचा छोटा भाग लावावा लागतो. तो वीज फक्त वर एलएनबीकडे जाऊ देतो आणि संकेत फक्त खाली रेडिओकडे. आणि स्वस्त एलएनबी उन्हात तापला की त्याचा ९.७५चा स्वर सरकतो. मे महिन्यात दुपारी स्वर हरवला तर उपग्रहाला दोष देऊ नका. बोलायचं असेल तर मात्र परवाना हवाच.

६. वर नेतं कोण?

हौशी उपग्रह पहिल्यापासून दुसऱ्याच्या गाडीतूनच गेले. १२ डिसेंबर १९६१ला गेलेला ऑस्कर-१ साडेचार किलोचा होता. अमेरिकी हवाई दलाच्या रॉकेटवर तोल साधायला जे वजन ठेवायचं, त्याच्या जागी तो बसवला. तो मोर्समध्ये 'हाय' एवढंच म्हणत बावीस दिवस फिरला. इस्रोने ५ मे २००५ला कार्टोसॅट-१सोबत हॅमसॅट पाठवला. तो जुलै २०१४पर्यंत बोलत होता, आणि त्यावरच्या दोन यंत्रांपैकी एक हॉलंडच्या एका विद्यार्थी हॅमने बनवलेलं होतं.

मराठी मुलखाची पाळी आली २०१६मध्ये. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' २२ जूनला, मुंबई आयआयटीचा 'प्रथम' २६ सप्टेंबरला. स्वयम् एक किलोचा. त्यात चुंबक बसवलेलं, म्हणजे इंधन न जाळता पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने तो स्वतःला सरळ करी. प्रथम दहा किलोचा. १४५ आणि ४३७ मेगाहर्ट्झच्या त्याच्या दोन लहरी वातावरणाच्या वरच्या थरांतून येताना किती पीळ खातात, हे मोजून तिथले इलेक्ट्रॉन मोजायचे, असा बेत.

स्वयम् इस्रोच्या ज्या पीएसएलव्ही रॉकेटवरून गेला त्याच गाडीत बारा छोटे उपग्रह अमेरिकेच्या प्लॅनेट कंपनीचे होते. पुढच्याच वर्षी, १५ फेब्रुवारी २०१७ला, एका पीएसएलव्हीने १०४ उपग्रह नेले. त्यातले ८८ प्लॅनेटचे. डिसेंबर २०१८मध्ये एक्सीड स्पेस या भारतीय कंपनीचा एक किलोचा हौशी रेडिओ उपग्रह कॅलिफोर्नियातून फाल्कन-९वर बसून गेला. आणि २३ ऑक्टोबर २०२२ व २६ मार्च २०२३ला श्रीहरिकोट्याहून इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटने वनवेबचे ३६-३६ उपग्रह नेले, दर खेपेला सुमारे ५,८०० किलो. आकाशात गर्दी करणारी आणि विद्यार्थ्यांना परवडणारी गाडी एकच आहे. हॅम मंडळी कंपन्यांच्या नावाने बोटं मोडतात तेव्हा हे विसरतात.

वर गेलेलं खालीही येतं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भापासून मध्य प्रदेश-गुजरातपर्यंत लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या रेघा पाहिल्या, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञांनी कक्षेचा हिशेब जुळवून सांगितलं की फेब्रुवारी २०२१मध्ये सुटलेल्या चीनच्या लाँग मार्च-३बी रॉकेटचा तो तिसरा टप्पा असावा. कक्षेचे आकडे उघडे असण्याचा हा उपयोग. ५५० किलोमीटरवरचा मेलेला उपग्रह विरळ हवेच्या घर्षणाने पाचेक वर्षांत खाली येऊन जळतो. १,२०० किलोमीटरवरचा शतकानुशतकं तिथंच राहतो.

७. पट्टे कुणाचे?

रेडिओलहरींचे पट्टे देशोदेशींनी करार करून वाटून घेतलेले आहेत. हॅमच्या वाट्याला आलेल्यांत १४४ ते १४६ आणि ४३० मेगाहर्ट्झच्या घरातला पट्टा उपग्रहांसाठी मोलाचा. स्वयम्-प्रथमची बोली तिथलीच. एएसटी स्पेसमोबाईल या अमेरिकी कंपनीला साध्या मोबाईलला थेट उपग्रहावरून जोडायचं आहे. आपल्या उपग्रहांना हुकूम देण्यासाठी आणि त्यांची खबरबात घेण्यासाठी तिने ४३० ते ४४० मेगाहर्ट्झमध्ये जागा मागितली आणि २०२५मध्ये जगभरच्या हॅम संघटनांनी हरकत नोंदवली. त्याच कंपनीचा ब्लूबर्ड ब्लॉक-२ हा सुमारे ६,१०० किलोचा उपग्रह २४ डिसेंबर २०२५ला श्रीहरिकोट्याहूनच गेला. हॅम मंडळी कधी कधी पट्ट्यावर वाडवडिलांच्या शेतासारखा हक्क सांगतात, पण या भांडणात माझं मत त्यांच्या बाजूने आहे. कंपनीला दुसरा पट्टा विकत घेता येतो. एक किलोच्या, अर्ध्या वॉटवर बोलणाऱ्या विद्यार्थी-उपग्रहाला दुसरीकडे जागा नाही.

नकळत होणारी गळतीही आहे. युरोपातल्या लोफार या रेडिओ दुर्बिणीला २०२३मध्ये आढळलं की स्टारलिंकच्या आतल्या विद्युत यंत्रणेतून ११० ते १८८ मेगाहर्ट्झमध्ये कुजबुज गळते; नव्या पिढीच्या उपग्रहांत ती ३२ पटींपर्यंत वाढल्याचं २०२४मध्ये दिसलं. नारायणगावजवळ खोडदला आपली जीएमआरटी दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. तिचा एक पट्टा १२० ते २५० मेगाहर्ट्झचा, म्हणजे याच गळतीच्या वाटेतला आहे.

८. मग पाताळकोटात चालेल का?

स्टारलिंकला भारतात दूरसंचार परवाना जून २०२५मध्ये मिळाला. तिगाव रेल्वेच्या मुख्य मार्गावर आहे. असल्या गावाला उपग्रहापेक्षा फायबर केव्हाही स्वस्त. खरी गरज तामियाच्या पलीकडे पाताळकोटाच्या खोल दरीला, किंवा मेळघाटातल्या आडगावांना. पण दरीत एक वेगळीच अडचण आहे.

आपण आतापर्यंत २५ अंशांपासून वरचं सगळं आकाश मोकळं धरलं. पाताळकोटात चहूकडे सुमारे बाराशे फुटांचे कडे आहेत. समजा, एखाद्या घरातून चारी बाजूंचे कडे ४० अंशांपर्यंत चढतात. तर उपग्रह सापडण्याचं वर्तुळ ९४० किलोमीटर त्रिज्येवरून ५७५वर येतं, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ एकतृतीयांश. आणि आपल्या अक्षांशावर ते मुळातच विरळ. एक उपग्रह मावळून दुसरा कड्यावर येईपर्यंत फट पडू शकते. विकत घेण्याआधी कंपासपेटीतला कोनमापक, दोरा आणि एक नट घेऊन आठही दिशांना क्षितिजाचा कोन मोजावा. सुरुवात उत्तरेकडून करावी, कारण उपग्रहांची दाटी तिकडे जास्त. सागाची झाडं मे महिन्यात मोजली तर आषाढात पुन्हा मोजावीत. पानं फुटलेली असतात.

उरली वीज. अशी पाटी ७५ वॉट खाते असं धरलं तर चोवीस तासांत १.८ युनिट. दिवसाला साडेचार तास चांगलं ऊन धरलं तर निदान ४०० वॉटचा सौर पॅनेल लागतो, रात्रीपुरती बॅटरी वेगळी, आणि सलग तीन दिवस झड लागली तर तिन्ही दिवसांची.